अप्पाच्या गळ्यातली डबी

दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या माणसांकडं गोष्टी साठत जातात. मुद्दाम कुणी साठवत नाही. खळ्यावर बाजरी उपणली की भूस जसं आपोआप एका अंगाला पडतं, तसं बोलता बोलता किस्से एका अंगाला पडत राहतात. दाणे पोत्यात जातात, घरी जातात. भूस तिथंच राहतं. आमच्या ओट्याखाली त्याचा केवढा ढीग झालाय!

ओटा तलवाड्यातला, विश्वनाथअप्पाच्या खत-बियाण्याच्या दुकानापुढचा. बसणारे आम्ही चौघं. स्वतः अप्पा, कमी बोलणारा. दुसरा भगवानराव. तो एकदाच सरपंच झाला, त्यालाही जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिसरा बळीराम, त्याच्या तोंडाला दार नाही. अन् चौथा मी. मला हे सगळे तात्या म्हणतात, अन् माझं काम बहुतेक ऐकायचं.

परवाच्या हिवाळ्यात खताच्या कंपनीनं अप्पावर खूश होऊन एक टूर दिली. चार माणसांची. अंदमानकडच्या एका बेटावर, समुद्राच्या काठच्या हॉटेलात! अप्पाची पोरं म्हणाली, "आमी दुकान बघतो. तुमी दोस्तांना घेऊन जावा." घरच्या बायकांनी विमानाचं नाव ऐकूनच हात जोडले. म्हणून आम्ही चौघं निघालो. सगळे सत्तरीच्या पुढचे, अन् जन्मात कुणी समुद्र बघितलेला नाही.

*

पहिला किस्सा विमानतळावरच झाला.

अप्पा लिंगायत वाण्याच्या घरचा. पाळण्यात होता तेव्हापासून त्याच्या गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी आहे. डबीत त्याचं इष्टलिंग. सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, मगच तोंडात पाणी. हे अंगावेगळं करायचं नसतं. झोपेत नाही, दुखण्यात नाही. माणूस गेल्यावर सुद्धा ते त्याच्याबरोबर मातीत जातं.

आता हे तपासणीवाल्या पोराला काय ठाऊक! त्यानं अप्पाच्या छातीवरून मशीन फिरवली, मशीन केकाटली.

"ये क्या है? निकालो. ट्रे में डालो."

"नहीं निकलता साब," अप्पा म्हणाला.

"नहीं निकलता मतलब?"

"मतलब निकालते नहीं."

पोराचा आवाज चढला. मागं रांग थांबली. सुटाबुटातले लोक माना उंच करून बघू लागले. मला तिथली एकही पाटी वाचता येत नव्हती, मी नुसता अप्पाच्या टोपीकडं बघत चाललेलो. अप्पा तिथं अडकला तर मी जाणार कुठं?

तेवढ्यात सरपंच मागून दात-ओठ खात म्हणाला, "काढ की बे! दोन मिनटाचं काम हाय. कावून अडून बसलास? लोक हासायलेत!"

सरपंचाला आयुष्यात दोनच गोष्टींची भीती. धोतराची इस्तरी मोडायची, अन् चारचौघांत हसं व्हायची.

अप्पानं मान वळवून त्याच्याकडं एकदा बघितलं.

मग मोठे साहेब आले. पिकल्या मिशांचे. "बाबा, क्या दिक्कत है?"

अप्पानं हात जोडले. "साब, हम दोनों जनम से एकच तिकट पे फिरते!"

साहेब स्वतः जवळ आले, डबी अप्पाच्या गळ्यात ठेवूनच तपासली अन् म्हणाले, "जाओ बाबा, दोनों जाओ."

सरपंच विमानात खिडकीकडं तोंड करून बसला. मधेच एकदा म्हणाला, "शोभा झाली सगळ्यांदेखत."

बळीराम म्हणाला, "तुला कोण वळखतंय बे हितं?"

*

कंपनीच्या बाकी लोकांना मोठं हॉटेल मिळालं. तिथं खोल्या कमी पडल्या म्हणून आम्हाला एका छोट्या हॉटेलात धाडलं. कंपनीचा पोरगा म्हणाला, "काका, तुमचं नशीब! हे बुटीक हॉटेल आहे, एकदम स्पेशल. परदेशी लोक येतात."

जाऊन बघतो तर काय, नारळाच्या झाडात कुडाच्या झोपड्या! वर पाल्याचं छप्पर, खाली लाकडाची फळी, अन् दारापुढं थेट समुद्र.

बळीराम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आरं, आक्ख्या जन्मात कुडाचं मोडून सिमिटाचं बांधलं. अन् ही साहेब लोकं सिमिटातून उठून कुडात झोपायला येत्यात!"

झोपड्या दोन. एकीत मी अन् बळीराम, दुसरीत अप्पा अन् सरपंच. न्हाणीला छप्पर नव्हतं. उघडं आभाळ. ही पण तिथली फॅशन!

सरपंच अंघोळीला गेला अन् तसाच बाहेर आला. "वरून कुणी बघितलं तर?"

"वर नुसता नारळ हाय," बळीराम म्हणाला. "अन् नारळ बघत न्हाई, पडतोय!"

त्या दिवशी सरपंचानं डोक्यावर बादली उपडी घालून अंघोळ केली.

*

हॉटेल बघणारी पोरगी शिबानी नावाची. बंगाली, पण जन्म बेटावरचाच. आम्हाला "दादू" म्हणायची, म्हणजे त्यांच्यात आजोबा. पहिल्या सकाळी तिनं चौघांसाठी केळी, पुऱ्या अन् शहाळी मांडली. आम्ही तिघं बसलो. अप्पा आला नाही.

तिचं तोंड उतरलं. "बड़े दादू रूठ गए क्या?"

मी तिला बोट करून दाखवलं. अप्पा झोपडीपुढच्या फळीवर मांडी घालून बसला होता. डाव्या हातावर लिंग, कपाळाला भस्म. गावाकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली बेलाची पानं बाजूला. पुढं एवढा मोठा समुद्र गर्जत होता, पण अप्पाचं सगळं लक्ष त्या तळहातावर. शिबानीनं पायातली चप्पल काढली अन् पूजा होईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग त्याचं ताट झाकून ठेवलं.

नंतर तिनं विचारलं, "दादू, और किसी दिन पूजा नहीं हुई तो?"

"तो पानी भी नहीं," अप्पा म्हणाला. आज माजलगावची यष्टी नाही, असं सांगावं तितक्या सहज.

आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

*

दुसऱ्या दिवशीची सकाळ.

अप्पाला साखरेचा आजार. उठल्या उठल्या पोटाला सुई टोचून घ्यायची, मग अंघोळ, पूजा अन् लगेच खायचं, हा त्याचा नेम. त्या दिवशी सुई झाली अन् सरपंच म्हणाला, "अंघोळ समुद्रातच करू. घरी गेल्यावर सांगायला व्हईल."

पाणी पार वर आलं होतं. शिबानी ओरडून सांगत होती की पुढं जाऊ नका. सरपंचानं तिला हातानं गप्प केलं. "आगं पोरी, माजलगावच्या धरणात पोहलेला माणूस हाय मी! ह्ये म्हंजी काय, खारट धरणच की!"

"धरण लाथ मारत न्हाई बे," बळीराम म्हणाला.

आम्ही दोघं मागंच थांबलो. अप्पा घोट्याइतक्या पाण्यात उभा राहून तांब्यानं अंगावर घेत होता. सरपंच धोतरासकट आत गेला. मांडीपर्यंत, मग छातीपर्यंत. वळून हात केला, खुर्च्यांवर बसलेल्या गोऱ्या लोकांनाही केला. अन् मागून लाट आली.

टोपी वर आली. माणूस आला नाही.

बळीरामाच्या तोंडातून शब्द निघेना, त्या बळीरामाच्या! धावला तो अप्पा. ज्याला विहिरीतसुद्धा पोहता येत नाही तो अप्पा, तांब्या टाकून पाण्यात शिरला, अन् त्याच्यावरही लाट आली. मग नुसता फेस. त्या फेसात एकदा हात दिसला, एकदा कापड, एकदा काहीच नाही.

पुढच्या लाटेनं दोघांनाही उचलून वाळूवर टाकलं.

आम्ही वाळूत रुतत, एकमेकांना धरत तिथवर पोचलो, तोवर सरपंच झोपडीकडं पळालेला. पाठमोरा, दोन्ही हात पोटाशी धरून, नुसत्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर! गोऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या.

अप्पा बसून खोकत होता. बळीरामाला तोंड फुटलं, "वाचलात बे दोघंबी!"

अप्पानं छातीवर हात ठेवला. मग गळ्याभोवती. मग दोन्ही हातांनी गळा चाचपू लागला.

दोरा नव्हता. डबी नव्हती.

*

त्यानंतर जे झालं त्याला मी किस्सा म्हणू की नको, मला कळत नाही.

अप्पा वाळूवरच बसून राहिला. शिबानी पाणी घेऊन आली. त्यानं मान हलवली. मी म्हणालो, "अप्पा, सुई टोचून झालीय तुझी. पोटात काई गेलं न्हाई तर चक्कर येऊन पडशील."

"पूजा न्हाई झाली, तात्या."

"गावी गेल्यावर स्वामींकडून दुसरं घेता येईल. तोवर घोटभर पाणी घे."

"घेता येईल," तो म्हणाला. "पण आजची पूजा ह्याची राह्यलीय."

शिबानीनं सगळं हॉटेल समुद्राला लावलं. माळी, झाडणारे, बोट चालवणारे. आचाऱ्यानं चाळण्या आणल्या अन् वाळू चाळायला बसला. एका गोऱ्यानं तोंडाला काच लावून पाण्यात बुड्या मारल्या. त्याला काय शोधायचं ते कुणी सांगितलं कोण जाणे, पण दर बुडीनंतर तो अप्पाकडं बघून मान हलवायचा, जसं काही त्याच्याच घरचं हरवलंय.

सरपंच कपडे बदलून आला. लेंगा-सदऱ्यावर. त्याला हे कळलं अन् तो जागच्या जागी खाली बसला. मग गुडघ्यावर आला, अन् हातानं वाळू उपसू लागला. डोकं गेलं तरी चालेल पण टोपी खाली पडू नये असा माणूस, तो ओल्या वाळूत रांगत होता.

बळीराम त्याच्या शेजारी चाळण घेऊन बसला. "धोतर कुठं हाय रं तुझं?"

"लाटंनं वढून नेलं," सरपंच मान वर न करता म्हणाला.

अप्पा बाजूलाच होता. त्यानं ऐकलं. डोळे मिटून घेतले.

मग दुपारी पाणी मागं सरकू लागलं. आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं की समुद्र असा निघून जातो! शिबानी म्हणाली, रोजच जातो, थोड्या वेळानं परत येतो. शेत नांगरून ठेवावं तशी लांबवर वाळू उघडी पडली. सगळे धावले. शिंपले निघाले, खेकडे निघाले, सरपंचाची टोपीसुद्धा निघाली. डबी निघाली नाही.

अन् पाणी परत फिरलं.

अप्पाच्या कपाळावर घाम आला. हात थरथरू लागले. आम्ही त्याला धरून झोपडीपुढच्या फळीवर आणून बसवलं. शिबानीनं डॉक्टर बोलावले. ते म्हणाले, साखर उतरलीय, काहीतरी गोड द्या, नाहीतर सलाईन लावू.

अप्पानं हात मागं घेतला. "तोंडानं काय न् शिरेनं काय, डाक्टर. एकच."

"धरून घालू का तोंडात?" बळीराम माझ्या कानाशी म्हणाला.

मी अप्पाकडं बघितलं. लहानपणापासूनचा दोस्त. धरला असता तर त्याला सोडवून घ्यायचंही बळ नव्हतं. अन् म्हणूनच माझा हात पुढं होईना.

सरपंच फळीखाली उभा होता. हाताची नखं वाळूनं फुटलेली. "अप्पा, माझ्यापायी झालं. मीबी आता पाणी घेणार न्हाई."

"तू घे," अप्पा पुटपुटला. "तुझी पूजा कुठं राह्यलीय?"

*

अप्पाला गार वाटू लागलं म्हणून बळीराम त्याची शाल आणायला आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो शाल न घेता. हातात सरपंचाची पिशवी.

"सरपंच," तो म्हणाला, "तुझ्या पिशवीतून समुद्र गळायलाय."

खरंच गळत होता. थेंब थेंब, फळीवर.

सरपंच पिशवीकडं झेपावला. "ती ठेव बे. ठेव खाली!"

बळीरामानं पिशवीत हात घातला अन् ओल्या धोतराचा बोळा बाहेर काढला. "ह्ये लाटंनं नेलं होतं ना? मग पिशवीत कसं आलं? पोस्टानं आलं का?"

शिबानी बघत होती. आचारी, माळी, गोरा, गोऱ्याची बायको, सगळे बघत होते. सरपंचानं जमिनीकडं बघत सांगितलं, ते असं. बुडताना अप्पाच्या हाती धोतर लागलं. त्यानं ओढलं, ते सुटलं. वाळूवर पडल्यावर अप्पानंच तो बोळा त्याच्या अंगावर टाकला. वर बघतो तर सगळ्या बाया बघायलेल्या. पोटाशी धरून पळाला. धोतर सुटलं कसं सांगायचं? म्हणून समुद्राचं नाव सांगितलं. अन् एकदा तसं सांगितल्यावर ते दोरीवर वाळत घालायचं कसं? कोंबलं पिशवीत.

"अन् अप्पा, तुला ठाऊक होतं की!" बळीराम चिडला. "सकाळपासून बोलला कावून न्हाईस?"

अप्पाचे ओठ कोरडे पडले होते. शब्द एकेक आला. "माझं गळ्यातलं गेलं. म्हणून त्याचं... चारचौघांत घालवू का?"

बळीरामाला काय करावं सुचेना. त्यानं रागारागानं ते धोतर हवेत झटकलं.

टप्प!

फळीवर काहीतरी पडलं, घरंगळलं, अन् अप्पाच्या पायाशी येऊन थांबलं. तुटलेला दोरा धोतराच्या काठात गुंतलेला. चांदीवर वाळूचा कण नाही.

अप्पानं ती उचलली नाही आधी. मग म्हणाला, "तात्या, मला अंघोळ घाल."

मी अन् बळीरामानं त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. सरपंचानं गोडं पाणी ओतलं. फडक्यात बेलाची पानं होती, शिबानीनं त्यातलं हिरवं राहिलेलं निवडून दिलं. हात थरथरत होता म्हणून अप्पाच्या डाव्या मनगटाखाली सरपंचानं आपला हात धरला. पूजा झाली. डॉक्टर साखरेच्या पाण्याचा पेला घेऊन उभेच होते. अप्पानं पहिला घोट घेतला, अन् शिबानी तोंडाला ओढणी लावून आत निघून गेली.

जीवात जीव आल्यावर अप्पा सरपंचाला म्हणाला, "बरं झालं खोटं बोललास. खरं बोलला असतास तर धोतर झटकून वाळत घातलं असतंस समुद्राच्या काठाला, अन् माझं गेलंच असतं."

सरपंच त्यावर हसला नाही. धोतर मात्र रोज दारापुढच्या दोरीवर वाळत घालायचा. सगळ्यांदेखत.

*

येताना पुन्हा विमानतळ. पुन्हा रांग, पुन्हा ते ट्रे. अप्पा पुढं, त्याच्या मागं सरपंच, कडक इस्तरीच्या धोतरात. मी अन् बळीराम शेवटी.

तपासणीवाला वेगळा. उंच, तुसडा. मशीन अप्पाच्या छातीपाशी केकाटली.

"ये क्या लटका रखा है? उतारो."

अप्पानं हात जोडले. "साब, ये उतारते नहीं."

"सबको उतारना पड़ता है. उतारो, नहीं तो साइड में खड़े रहो. फ्लाइट जाएगी तो जाएगी."

मागं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं सुद्धा. मी पिकल्या मिशांच्या साहेबांना शोधू लागलो. ते इथं कुठले असायला!

तेवढ्यात सरपंच पुढं झाला. अप्पाला खांद्यानं हलकेच मागं सारलं. तो प्लास्टिकचा ट्रे खसकन आपल्याकडं ओढला, अन् भरल्या विमानतळात, साऱ्या बाया-माणसांदेखत, कमरेच्या गाठीला हात घातला.

"साब, उनका रहने दो. उतारनाच हाय तो ये लेव!"